ऑनलाइन प्रशिक्षण आणि संस्थेचे हित

कोणत्याही संस्थेच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाचे स्थान बहुधा शेवटच्या काही ओळींत असते आणि काटकसरीची वेळ आली की सर्वांत आधी कात्री लागते ती याच ओळींना. यामागे एक समज असतो. प्रशिक्षण ही संस्थेने कर्मचाऱ्यांवर केलेली मेहेरबानी आहे. तिचा लाभ शिकणाऱ्याला होतो, संस्थेच्या वाट्याला मात्र केवळ खर्च येतो, असा तो समज होय. ऑनलाइन प्रशिक्षणाच्या प्रसारामुळे या समजाचा फेरविचार करणे भाग पडले आहे. शिकविण्याचे साधन बदलले की शिकविण्याचे अर्थशास्त्रही बदलते, आणि ते बदलले की लाभ कोणाचा या प्रश्नाचे उत्तरही बदलते. संस्थेला ऑनलाइन शिक्षण देण्यापासून नेमका कोणता लाभ होतो, तो कोणत्या अटींवर होतो आणि कोणत्या ठिकाणी तो केवळ कागदावर राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका

दूर राहून शिकविण्याची कल्पना इंटरनेटच्या पोटी जन्मलेली नाही. इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीत कोठेही पत्र पोहोचविणारी टपालव्यवस्था सुरू झाली आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी आपल्या लघुलेखनाचे धडे टपालाने पाठविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने धडा गिरवून परत पाठवावा आणि पिटमन यांनी तो तपासून द्यावा, अशी ती पद्धत होती. दळणवळण स्वस्त झाले की शिक्षण त्याच्या पाठोपाठ दूरवर जाते, हा नियम येथेच स्पष्ट होतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तेथील कोळशाच्या खाणींत वारंवार अपघात होत. खाणींतील जबाबदारीच्या जागांसाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविणे कायद्याने आवश्यक झाले. परंतु दिवसभर खाणीत राबणाऱ्या माणसाने शाळेत जावे केव्हा? खाणकामाविषयीचे नियतकालिक चालविणारे टॉमस फॉस्टर यांनी प्रथम आपल्या नियतकालिकातून प्रश्नोत्तरे छापली आणि पुढे १८९१ मध्ये स्क्रँटन येथून खाणकामाचा पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातूनच 'इंटरनॅशनल करस्पाँडन्स स्कूल्स' ही मोठी संस्था उभी राहिली आणि रेल्वे कंपन्यांनी आपल्या नोकरांच्या शिक्षणासाठी तिच्याशी करार केले. रेल्वे कंपन्यांनी हे दातृत्वापोटी केले नव्हते. इंजिनाची रचना जाणणारा नोकर अधिक सुरक्षितपणे काम करतो, हे त्यांना कळून चुकले होते.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. १९७५-७६ या वर्षी अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. यश पाल आणि एकनाथ चिटणीस यांचा या प्रयोगाच्या उभारणीत मोठा वाटा होता. त्यातील एक भाग आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. त्या वर्षभरात प्राथमिक शाळांतील सुमारे पन्नास हजार शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यात दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि गटाने करावयाचे प्रत्यक्ष प्रयोगही होते. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी मुक्त शिक्षणाचा विचार महाराष्ट्रात रुजविला. आजचे ऑनलाइन प्रशिक्षण हे या दीर्घ परंपरेचे पुढचे पाऊल आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२. खर्चाचे गणित

जर्मन शिक्षणशास्त्रज्ञ ओटो पीटर्स यांनी दूरशिक्षणाचे वर्णन शिक्षणाचे औद्योगिक रूप असे केले. कारखान्यात ज्याप्रमाणे श्रमविभागणी, पूर्वनियोजन आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन असते, त्याचप्रमाणे दूरशिक्षणात पाठ लिहिणारा वेगळा, त्याची निर्मिती करणारा वेगळा आणि शंका सोडविणारा वेगळा असतो. या रचनेचा खर्चावर होणारा परिणाम एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ.

एका सहकारी बँकेत २,००० कर्मचारी आहेत अशी कल्पना करा. त्यांना मुख्यालयी बोलावून तीन दिवसांचे प्रशिक्षण द्यावयाचे, तर प्रवास, निवास आणि अध्यापन मिळून माणशी ३,००० रुपये लागतात असे धरू. एकूण खर्च ६० लाख रुपये होतो आणि पुढील वर्षी नवा विषय आला की तो पुन्हा करावा लागतो. याउलट तोच अभ्यासक्रम ऑनलाइन तयार करण्यास १५ लाख रुपये आणि नंतर शंकासमाधान व देखरेख यांसाठी माणशी २०० रुपये लागत असतील, तर एकूण खर्च १९ लाखांवर थांबतो. मात्र त्याच बँकेत केवळ १०० कर्मचारी असते, तर वर्गातील प्रशिक्षण ३ लाखांत आटोपले असते आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाला १५ लाख २० हजार रुपये लागले असते. या आकड्यांनुसार दोन्ही पद्धतींचा खर्च सुमारे ५३६ कर्मचाऱ्यांपाशी समान होतो. त्याहून कमी माणसे असतील तर वर्ग स्वस्त, अधिक असतील तर ऑनलाइन स्वस्त.

यावरून ऑनलाइन प्रशिक्षण स्वस्त असते, हे सरसकट विधान अपुरे ठरते. त्याचा आरंभीचा खर्च मोठा आणि पुढील प्रत्येक व्यक्तीमागचा खर्च लहान असतो. म्हणून शिकणारे पुष्कळ असावेत आणि पाठ्यसामग्री काही काळ टिकणारी असावी, या दोन अटी पूर्ण झाल्या तरच बचत संभवते. लहान संस्थांनी म्हणूनच एकत्र येऊन अभ्यासक्रम तयार करणे शहाणपणाचे ठरते.

केंद्र शासनाचे 'मिशन कर्मयोगी' हे या गणिताचे प्रत्यक्षातील मोठे उदाहरण आहे. सप्टेंबर २०२० मध्ये या योजनेला मान्यता देताना सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपये खर्चाची तरतूद करण्यात आली. म्हणजे पाच वर्षांत माणशी सुमारे १,१११ रुपये, वर्षाला सुमारे २२२ रुपये. एवढ्या रकमेत एका कर्मचाऱ्याला प्रशिक्षण संस्थेपर्यंत नेऊन आणणेही कठीण आहे.

३. एकसारखेपणा, त्वरा आणि वेळ

मोठ्या संस्थांत प्रशिक्षण पायरीपायरीने खाली उतरते. राजधानीत काही निवडक व्यक्तींना शिकवावयाचे, त्यांनी जिल्ह्यातील लोकांना शिकवावयाचे आणि जिल्ह्यातील लोकांनी तालुक्याला. प्रत्येक पायरीवर मूळ आशयातील काही भाग गळतो आणि काही नवाच भाग त्यात मिसळतो. तालुक्याला पोहोचलेला धडा मूळ धड्याचा दूरचा नातेवाईक असतो. ऑनलाइन पाठ मात्र दिल्लीत आणि दंतेवाड्यात सारखाच असतो. शालेय शिक्षकांसाठीचा 'निष्ठा' हा कार्यक्रम २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांच्या रूपाने सुरू झाला होता. साथीच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, प्राथमिक स्तरासाठी तो १८ पाठ्यघटकांच्या रूपाने 'दीक्षा' या मंचावर आणण्यात आला आणि शिक्षकापर्यंत तो मधल्या पायऱ्यांवाचून पोहोचू लागला.

त्वरेचे महत्त्व तर त्या साथीनेच पटवून दिले. २०२० च्या आरंभी ज्या आजाराचे नावही बहुतेक आरोग्यसेवकांना अपरिचित होते, त्याच्याशी सामना करण्याचे शिक्षण त्यांना काही आठवड्यांत द्यावयाचे होते आणि त्यांना एकत्र जमविणे हेच धोक्याचे होते. एप्रिल २०२० मध्ये केंद्र शासनाने त्यांच्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम खुले केले. अशा प्रसंगी खर्चाचा प्रश्न गौण असतो. दुसरा मार्गच नसतो.

तिसरा लाभ वेळेच्या विभागणीचा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःच्याच स्मृतीवर प्रयोग करून दाखविले की, शिकलेले ज्ञान आरंभी झपाट्याने विसरले जाते आणि एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. तीन दिवसांचे सलग शिबिर या नियमाच्या नेमके विरुद्ध असते. पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांसाठी प्रशिक्षणाचे २१ लहान घटक करून ते टप्प्याटप्प्याने शिकविण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि तिचे ऑनलाइन रूपही तयार झाले. एक घटक शिकावा, तो गृहभेटीत वापरून पाहावा आणि मग पुढील घटकाकडे वळावे, हा त्यामागील विचार. ऑनलाइन माध्यम अशा विभागणीला अनुकूल असते, कारण दर महिन्याला तेरा लाखांहून अधिक सेविकांना दूरच्या प्रशिक्षण केंद्रावर बोलावणे कोणत्याही शासनाला परवडणारे नाही.

४. संस्थेला होणारी स्वतःची ओळख

यापुढील लाभ हिशेबाच्या वहीत दिसत नाही. परंतु माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. प्रत्येक संस्थेचे बरेचसे ज्ञान जुन्या माणसांच्या हातात आणि डोक्यात असते. कोणत्या अर्जात कोठे चूक होते, कोणते यंत्र कोणत्या आवाजानंतर थांबवावे, तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे नियमपुस्तिकेत लिहिलेले नसते. ती माणसे निवृत्त झाली की ज्ञानही त्यांच्यासमवेत निवृत्त होते.

ऑनलाइन पाठ तयार करावयाचा, तर हे ज्ञान शब्दांत मांडावेच लागते. वर्गात शिकविणारा अनुभवी माणूस ऐन वेळी सुचेल ते सांगून वेळ मारून नेऊ शकतो. ध्वनिचित्रित पाठाला ती सवड नसते. पाठ लिहिताना दोन विभागांत एकच काम दोन रीतींनी होते, एखादा नियम कोणालाच समजलेला नाही, एखादी पायरी निष्कारण आहे, अशा गोष्टी उघड होतात. पाठ अद्याप कोणीही शिकलेला नसतो. तरीही संस्था स्वतः काहीतरी शिकून चुकलेली असते.

अभ्यासक्रम चालू झाल्यावर या ओळखीत भर पडते. चाचणीतील एकाच प्रश्नावर बहुसंख्य शिकणारे अडखळत असतील, तर दोष त्यांच्यात नसून पाठात किंवा मूळ नियमात आहे, असा निष्कर्ष काढता येतो. वर्गातील मौनावरून हा निष्कर्ष काढणे फार अवघड असते.

५. दारे बाहेर उघडणारे शिक्षण

येथवर आपण संस्थेने आपल्याच माणसांना द्यावयाच्या शिक्षणाचा विचार केला. पुष्कळ संस्था, विशेषतः विद्यापीठे, बाहेरच्या लोकांसाठी ऑनलाइन शिक्षण देतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये आपली पाठ्यसामग्री सर्वांना विनामूल्य खुली करण्याची घोषणा केली. आपले धन असे वाटून टाकल्यास विद्यापीठात येणार कोण, अशी शंका तेव्हा अनेकांना आली असेल. ती खरी ठरली नाही. कारण विद्यार्थी टिपणांसाठी नव्हे, तर शिक्षक, सहाध्यायी, प्रयोगशाळा आणि पदवी यांसाठी विद्यापीठात येतो.

भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटीईएल' हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. त्यातील व्याख्याने सर्वांना विनामूल्य पाहता येतात. २०१४ पासून परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळविता येते. परीक्षा मात्र देखरेखीखाली, नेमलेल्या केंद्रावर द्यावी लागते. शिक्षण खुले आणि मूल्यमापन काटेकोर, हीच या प्रमाणपत्राच्या पतीची किल्ली आहे. २०१७ मध्ये 'स्वयम्' हा राष्ट्रीय मंच सुरू झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमावलीने अशा अभ्यासक्रमांतून मिळणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा एका सत्रातील अभ्यासक्रमाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढविली.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेचे उदाहरण वेगळ्या दृष्टीने लक्षणीय आहे. तिने एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या अर्थसाह्याने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन उपलब्ध केली. सुरुवातीला पूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क सुमारे ७,००० डॉलर होते. स्वस्त पदवीमुळे महागड्या पदवीचे विद्यार्थी कमी होतील, ही भीती होती. संशोधकांनी अर्जांचा अभ्यास केला तेव्हा दोन्हीकडचे अर्जदार जवळजवळ सर्वस्वी भिन्न असल्याचे आढळले. प्रत्यक्ष वर्गासाठी अर्ज करणारे सरासरी २४ वर्षांचे आणि बहुतांशी परदेशी. तर ऑनलाइन अर्ज करणारे सरासरी ३४ वर्षांचे, नोकरी करणारे अमेरिकन होते. ज्यांना शिकावयाचे होते, परंतु नोकरी सोडणे शक्य नव्हते, असा एक संपूर्ण वर्ग तोवर विद्यापीठांच्या दृष्टीस पडलाच नव्हता. अर्थसाह्य करणाऱ्या कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शिक्षणाची सोय मिळाली आणि विद्यापीठाला नवे विद्यार्थी. दोघांचे हित एकाच कृतीत साधले.

६. लाभाच्या मर्यादा

आता दुसरी बाजू. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी केवळ ३ टक्क्यांच्या आसपास लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. शुल्क भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी करणाऱ्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होते. ज्याने स्वतःचे काही पणाला लावले आहे, तो टिकतो; ज्याने केवळ दार उघडे दिसले म्हणून डोकावले, तो निघून जातो. म्हणून नोंदणीचे आकडे हे शिक्षणाचे आकडे नव्हेत.

कर्मचाऱ्यांना सक्ती केली तर पूर्ततेचे प्रमाण सहज शंभरावर नेता येते; परंतु तेथे दुसरा धोका उभा राहतो. अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर सांगितले: शिकणाऱ्याला ते आवडले काय, त्याला ते समजले काय, त्याच्या कामाच्या रीतीत बदल झाला काय, आणि त्यामुळे संस्थेच्या कार्यात सुधारणा झाली काय. संगणक पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे क्षणात देतो. उरलेल्या दोहोंसाठी कोणीतरी प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन पाहावे लागते. उत्तर सोपे म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवरच थांबण्याचा मोह होतो. मग चलचित्र एका कोपऱ्यात चालू ठेवून दुसऱ्या कोपऱ्यात फायली उरकणारा कर्मचारी कागदोपत्री प्रशिक्षित ठरतो.

या मोहाला बळी पडण्याचे एक कारण संस्थाच निर्माण करतात. वर्गातील प्रशिक्षणासाठी कर्मचाऱ्याला कामातून मोकळे करावे लागे. ऑनलाइन प्रशिक्षण त्याने सवडीने करावे, असे सांगितले जाते आणि ती सवड रात्रीची असते. विशेषतः नोकरी आणि घर या दोन्ही पाळ्या सांभाळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही बचत तिच्या झोपेतून केलेली असते. संस्थेने वाचविलेला खर्च जर कर्मचाऱ्याच्या खिशातून, त्याच्या मोबाइलच्या रिचार्जमधून आणि त्याच्या विश्रांतीतून भरून काढला जात असेल, तर त्यास लाभ न म्हणता खर्चाचे स्थलांतर म्हणावे लागेल.

शिवाय काही विद्या हाताने शिकावयाच्या असतात. इंजेक्शन देणे, विजेच्या खांबावर चढणे, घाबरलेल्या मुलाला शांत करणे, ही कामे पडद्यावर पाहून समजतात, पण साधत नाहीत. 'साइट' प्रयोगात शिक्षकांना दूरचित्रवाणीबरोबर प्रत्यक्ष प्रयोगही करावयास दिले होते. पन्नास वर्षांपूर्वीचे हे शहाणपण आजही जुने झालेले नाही.

७. भाषेचा प्रश्न

अखेरीस एक असा प्रश्न, ज्याविषयी व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके सहसा मौन पाळतात. प्रशिक्षण कोणत्या भाषेत द्यावयाचे? पायरीपायरीने उतरणाऱ्या जुन्या पद्धतीत अनेक दोष होते, परंतु एक गुण होता. प्रत्येक पायरीवर कोणीतरी माणूस उभा असे आणि तो आशय आपल्या भागातील बोलीत सांगे. मधल्या पायऱ्या काढून टाकल्या म्हणजे हा बिनपगारी अनुवादकही नाहीसा होतो. मूळ पाठ इंग्रजीत किंवा बोजड परिभाषेत असेल, तर तो थेट नंदुरबारच्या अंगणवाडीत किंवा सुरतच्या कारखान्यात काम करणाऱ्या खानदेशी मजुरापुढे तसाच येऊन पडतो.

एनपीटीईएलने आपल्या अनेक व्याख्यानांचे अनुवाद मराठीसह विविध भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत आणि यांत्रिक अनुवादामुळे हे काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाले आहे. तरीही यंत्राने केलेला अनुवाद जाणत्या माणसाने वाचल्याविना शिकणाऱ्यापुढे ठेवू नये. सुरक्षिततेच्या सूचनेत 'बंद करा' आणि 'बंद ठेवा' यांतील भेद हा केवळ व्याकरणाचा भेद नसतो. भाषांतरावर होणारा खर्च अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या खर्चातच धरावयास हवा. तो एकदाच करावा लागतो आणि लाभ मात्र त्या भाषेतील प्रत्येक शिकणाऱ्याला मिळतो. म्हणजे ज्या गणितावर ऑनलाइन प्रशिक्षण उभे आहे, तेच गणित भारतीय भाषांच्याही बाजूने कौल देते.

सारांश, ऑनलाइन प्रशिक्षणामुळे संस्थेचा खर्च वाचतो, आशय एकसारखा आणि त्वरेने पोहोचतो, जुन्या माणसांचे ज्ञान जपले जाते आणि नवे विद्यार्थी जोडले जातात. परंतु हे सर्व लाभ सशर्त आहेत. शिकण्यासाठी कामाच्या वेळातील ठराविक तास देणे, शंका विचारण्यास एखादा माणूस उपलब्ध ठेवणे, हाताने शिकावयाच्या गोष्टी हातानेच शिकविणे आणि शिकणाऱ्याच्या भाषेत बोलणे, या त्या अटी होत. स्क्रँटनच्या खाणकामगाराला टपालाने आलेला धडा उपयोगी पडला, कारण तो त्याच्या कामाविषयी होता, त्याला समजणाऱ्या भाषेत होता आणि त्याने लिहिलेले उत्तर कोणीतरी वाचत होते. साधने कितीही बदलली, तरी शिकणाऱ्याचे उत्तर वाचणारा कोणीतरी असावा लागतो. ही जबाबदारी जी संस्था टाळणार नाही, तिलाच ऑनलाइन शिक्षणाचा खरा लाभ होईल.